खाल्ल्या मिठाचा हिशेब

५ ऑक्टोबर २०१९, शनिवार. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मी एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. मोसम सुरू व्हायच्या आधीचा सरावाचा सामना, त्यामुळे निकालाला काडीची किंमत नव्हती. पेसर्सनी तो आरामात जिंकला. मला त्याचं काहीच नव्हतं. इतकी वर्षं पहाटे गजर लावून, घरातले उठतील म्हणून आवाज बंद करून पाहिलेला खेळ समोर चालला होता, आणि बुटांचा तो चर्रचर्र आवाज पहिल्यांदाच पुरता ऐकू येत होता.

मजा प्रेक्षकांत होती. किंग्जच्या आणि पेसर्सच्या जर्सी मोजक्याच. बाकी लेब्रॉन, करी, कोबी, जॉर्डन, म्हणजे त्या दिवशी मुंबईत नसलेले सगळे. माझ्या शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या अंगात ओक्लाहोमा सिटी थंडरची निळी जर्सी, नंबर ३५, पाठीवर ड्युरंट. आता केव्हिन ड्युरंटने ओक्लाहोमा सोडून तीन वर्षं झाली होती. तिथून तो गोल्डन स्टेट वॉरियर्सला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात तेही सोडून ब्रुकलिनला. मी म्हटलं, “अरे, तू दोन संघ मागे आहेस.”

“दादाची आहे, काका. त्याला लहान झाली.”

‘काका’ थोडं लागलंच. पण उत्तर बिनतोड होतं. २०१६ मध्ये ड्युरंट गेला तेव्हा ओक्लाहोमात लोकांनी हीच जर्सी जाळून त्याचे व्हिडिओ टाकले होते. इथे ती धाकट्याला मिळाली.

त्या मुलाला सांगितलं नाही, पण तीन वर्षांपूर्वी मीही जाळणाऱ्यांच्याच बाजूचा होतो. जाळायला माझ्याकडे जर्सी नव्हती, एवढंच.

४ जुलै २०१६. आपल्याकडे रात्र झाली होती. ड्युरंटने एका संकेतस्थळावर छोटंसं निवेदन लिहिलं की पुढचा मोसम तो वॉरियर्सकडून खेळणार. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी याच वॉरियर्सविरुद्ध त्याचा थंडर संघ सातपैकी तीन सामने जिंकून ३-१ असा पुढे होता. एकच विजय हवा होता. सहाव्या सामन्यात, थंडरच्या घरच्या मैदानावर, वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने तीन-तीन गुणांच्या अकरा बास्केट टाकल्या आणि सगळं हातातून गेलं. वॉरियर्सनी त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, तो विक्रमच होता. तर ज्यांनी हरवलं, आणि जे आधीच सगळ्यांत भारी होते, त्यांच्यातच हा जाऊन बसला. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मी त्या रात्री एकच शब्द लिहिला होता: गद्दार. (हा शब्द महाराष्ट्रात नंतर भिंतींवर, भाषणांत आणि रिंगटोनमध्ये इतका घासला गेला की आता मला तो खेळाडूसाठी वापरायलाही लाज वाटते.)

माझा राग खरा होता. पण त्या रागातून एक शहर पूर्ण सुटलं होतं: सिएटल.

ड्युरंट मुळात ओक्लाहोमाचा नव्हताच. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला निवडलं सिएटल सुपरसॉनिक्सने. सिएटलमध्ये हा संघ १९६७ पासून होता. १९७९ चं विजेतेपद त्यांच्या नावावर होतं. २००६ मध्ये मालकाने, म्हणजे स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झनी, तो ३५ कोटी डॉलरांना ओक्लाहोमाच्या एका गटाला विकला. नव्या मालकांनी सिएटलकडे सरकारी पैशातून नवं स्टेडियम मागितलं. ते मिळेना. मग कोर्टकचेरी, आणि जुलै २००८ मध्ये तडजोड. शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले. ‘सॉनिक्स’ हे नाव आणि रंग सिएटलपाशी राहिले. माणसं, चेंडू आणि करार ट्रकमध्ये भरून ओक्लाहोमाला गेले. एप्रिलमधल्या शेवटच्या घरच्या सामन्यात प्रेक्षक ‘सेव्ह अवर सॉनिक्स’ ओरडत होते, आणि एकोणीस वर्षांचा ड्युरंट त्यांच्याकडे पाहून हात हलवत होता. एक्केचाळीस मोसमांचा संसार होता तो.

म्हणजे हिशेब मांडा. ओक्लाहोमाचे लोक ज्या संघासाठी ड्युरंटला गद्दार म्हणत होते, तो अख्खा संघच आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातून उचलून आणलेला होता. संघ गेला की त्याला ‘व्यावसायिक निर्णय’ म्हणतात. त्याच संघातला एक पोरगा गेला की खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणतात.

मीठ कोणी कोणाचं खाल्लं होतं, हे मला तिथपासून मोजावंसं वाटायला लागलं.

माझे वडील सरकारी नोकरीत होते. आमच्या घरात ‘बदली’ हा शब्द पावसाळ्यासारखा होता. येणार हे ठाऊक, कधी ते नाही. ऑर्डर यायची, आणि आठवड्याभरात कऱ्हाडचं बिऱ्हाड परभणीला. तिथे कुठे ओळखी होतायत तोवर चिपळूण. लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन ट्रकमध्ये, लोणच्याच्या बरण्या मात्र एसटीत आईच्या मांडीवर. वर्षाच्या मध्येच शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेलो की हेडमास्तर विचारायचे, “पुन्हा?” या बदल्यांना आमच्याकडे कोणी कधी नावं ठेवली नाहीत. ऑर्डर ती ऑर्डर. पण वडिलांच्या एका सहकाऱ्याने राजीनामा दिला आणि पुण्यात खासगी कंपनी धरली, तेव्हा दोन महिने घराघरांत तोच विषय होता. “पैशाच्या मागे लागला.” “इतकी वर्षं सरकारचं मीठ खाल्लं आणि शेवटी हे.” वडीलही त्यात होते. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. ऑफिसने माणूस हलवला तर चालतं आणि माणूस आपणहून हलला तर चालत नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटल्याचं आठवत नाही. वाटायला हवं होतं.

एनबीएत ‘ट्रेड’ म्हणजे ही बदली. ‘फ्री एजन्सी’, म्हणजे करार संपल्यावर खेळाडूने हवा तो संघ निवडणं, हा राजीनामा. आणि बदल्या कशा होतात ते पाहा.

आयझेया थॉमस. पाच फूट नऊ इंच, म्हणजे एनबीएच्या मानाने लिंबूटिंबू. बॉस्टनचा लाडका. एप्रिल २०१७ मध्ये बॉस्टनची बादफेरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. तो दुसऱ्या दिवशी खेळला. पुढच्या फेरीत तिच्या वाढदिवशी त्याने ५३ गुण केले. खुब्याचं दुखणं अंगावर काढत तो खेळत राहिला. आणि ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला कायरी अर्व्हिंगच्या बदल्यात क्लीव्हलंडला देऊन टाकलं. त्या खुब्याने पुढे त्याला पूर्वीसारखं कधी खेळू दिलं नाही.

डेमार डीरोझन नऊ मोसम टोरोंटोचा होता. २०१६ मध्ये फ्री एजंट झाला तेव्हा दुसऱ्या कोणत्याही संघाशी न बोलता त्याने पुन्हा टोरोंटोशीच करार केला. अमेरिकी खेळाडू कॅनडाच्या थंडीत मुक्काम करायला फारसे राजी नसतात, तिथे याने ‘मीच टोरोंटो’ असं जाहीर करून टाकलं होतं. आपल्याला कुठे पाठवणार नाहीत असं संघाने सांगितलं होतं, असं त्याचं म्हणणं. जुलै २०१८ मध्ये त्याला सॅन अँटोनियोला धाडलं. बदल्यात आलेल्या कवाय लेनर्डने पुढच्याच वर्षी टोरोंटोला विजेतेपद मिळवून दिलं, आणि तो लगेच फ्री एजंट होऊन लॉस एंजेलिसला गेला. एकच मोसम. तो पाहुणा म्हणून परत आला तेव्हा टोरोंटोने उभं राहून टाळ्या वाजवल्या, विजेतेपदाची अंगठी हातात दिली. जो राहणार होता त्याला घालवलं, जो जाणार होता त्याला डोक्यावर घेतलं. यात टोरोंटोच्या लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लेनर्डने कधी शपथा घेतल्या नव्हत्या. कदाचित म्हणूनच कोणाचं काही मोडलं नाही.

आणि लुका डॉन्चिच. २०२४ मध्ये त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या रात्री, मोसमाच्या ऐन मध्यावर, पंचवीस वर्षांच्या या पोराला लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे देऊन टाकल्याची बातमी आली. लोकांना आधी वाटलं पत्रकाराचं खातं कोणी हॅक केलंय. डॅलसमध्येच राहिला असता तर सुमारे ३४.५ कोटी डॉलरांच्या कराराला तो पात्र ठरणार होता. ती वाटही या बदलीने बंद झाली. एप्रिलमध्ये तो परत डॅलसला खेळायला आला, स्वागताचा व्हिडिओ बघताना बाकावर बसून रडला, आणि उठून ४५ गुण केले. डॅलसच्या लोकांनी त्याला दोष दिला नाही, त्यांनी व्यवस्थापकाच्या नावाने ओरडून ओरडून स्टेडियम डोक्यावर घेतलं. नोव्हेंबरमध्ये त्या व्यवस्थापकाची नोकरी गेली. मला वाटतं, तिथे पहिल्यांदा एखाद्या शहराने हिशेबाची वही दुसऱ्या बाजूने उघडून पाहिली.

एक गोष्ट आपण सहज विसरतो. हे खेळाडू त्या शहरात मुळात गेले कसे? निवडून नाही. ड्राफ्टमध्ये कोणत्या संघाचा नंबर आधी लागणार हे ठरवायला एका यंत्रात चौदा आकडे घातलेले पिंगपाँगचे चेंडू फिरवतात आणि त्यातले चार काढतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं शहर या चेंडूंवर ठरतं. पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्याचा पगारही ठरीव तक्त्यातला. चार वर्षांनी तो मोकळा होतो म्हणावं, तर तिथेही जुन्या संघाला हक्क असतो: दुसऱ्याने दिलेली रक्कम आम्ही देतो, पोरगा आमचाच. खरी मोकळीक बहुतेकांना पंचविशी उलटून गेल्यावर. त्यातही पगाराला ‘मॅक्स’ची कमाल मर्यादा असते, म्हणून सगळ्यांत मोठ्या खेळाडूला त्याची खरी किंमत कधी मिळतच नाही. त्याच्यामुळे विकली गेलेली तिकिटं, जर्सी, जाहिराती यांतला उरलेला वाटा मालकाच्या खिशात राहतो. शहराने मीठ घातलं खरं, पण तो त्या घरी जेवायला गेला होता की स्वयंपाकाला, हे एकदा नीट ठरवावं लागेल.

आणि ही एवढीशी मोकळीकही कोणी ताटात वाढून दिलेली नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडू संघाच्याच मालकीचा राहायचा. १९७० मध्ये खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असलेल्या ऑस्कर रॉबर्टसनने त्याविरुद्ध दावा ठोकला. हा त्या काळचा सर्वश्रेष्ठांपैकी एक, सिनसिनाटी रॉयल्सचा, आणि त्याच वर्षी त्याची मिलवॉकीला बदली झालेली. दावा सहा वर्षं चालला, १९७६ मध्ये तडजोड झाली. जुन्या संघाचा कसलाच हक्क न उरता जाणारा पहिला खेळाडू निघायला १९८८ उजाडलं: टॉम चेंबर्स, सिएटलहून फीनिक्सला. सिएटलच्या नशिबी हे असं वारंवार.

मग ताऱ्यांनी संघ सोडावा का? मला विचाराल तर, हवं तेव्हा खुशाल सोडावा. पण ड्युरंटच्या बाबतीत माझ्या मनातली सगळी किरकिर तरीही गेली नाही, आणि ती का गेली नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तो गेला याचं मला वाईट वाटलं नव्हतं. तो तिथे गेला याचं वाटलं होतं. त्या वर्षी टीव्हीच्या नव्या करारामुळे संघांच्या पगारखर्चाची मर्यादा एका झटक्यात सात कोटी डॉलरांवरून ९.४ कोटींवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करू, असं लीग म्हणत होती. खेळाडू संघटनेने नकार दिला. त्यात वॉरियर्सचा तारा स्टेफ करी घोटा दुखावलेला असताना केलेल्या जुन्या स्वस्त करारावर खेळत होता, म्हणून त्यांच्या खर्चात ड्युरंटसाठी जागा झाली. असा योग पुन्हा येणं अवघड, आणि ड्युरंटने तो साधला. २०१७ आणि २०१८, दोन्ही विजेतेपदं, दोन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि ते दोन मोसम मी जवळपास पाहिलेच नाहीत. झोपलो छान. निकाल आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी पहाटे कोण उठतं? तेव्हा माझी तक्रार नीतीची नाही, चवीची आहे. पत्त्यांच्या डावात चारही एक्के एकाच्याच हातात गेले, तर ज्याला मिळाले त्याला कोणी पापी म्हणत नाही, पण बाकीचे ‘चला, चहा ठेवा’ म्हणून उठतात. चवीच्या तक्रारीला आम्ही त्या रात्री निष्ठेचे कपडे चढवले होते.

शहराचं दुःख मात्र खोटं नसतं, आणि इथे माझ्यासारख्या परगावच्या प्रेक्षकाने जरा जपून बोलावं. आम्हाला संघ लांबून मिळतो. खेळाडूबरोबर आमचंही बिऱ्हाड हलतं, विंचवासारखं पाठीवर. क्लीव्हलंडच्या माणसाला ते जमत नाही, त्याचं स्टेडियम त्याच्या गावात असतं. लेब्रॉन जेम्स तर तिथून साठेक किलोमीटरवरच्या अ‍ॅक्रनचा, म्हणजे घरचाच. २०१० मध्ये तो मायामीला गेला. आदल्या मोसमात ६१ सामने जिंकलेला संघ पुढच्या मोसमात १९ वर आला, मधे सलग २६ हरला. हे एका माणसाच्या जाण्याने होतं.

पण क्लीव्हलंडला नुसतं जाणं झोंबलं नव्हतं. ८ जुलै २०१० ला लेब्रॉनने टीव्हीवर तासाभराचा कार्यक्रम ठेवला. जाहिरातींचे पैसे मुलांच्या संस्थेला दिले, ते चांगलंच केलं. पण सोडून चाललेल्या गावाला ही बातमी जगाबरोबरच कळली, मधे जाहिराती घेत घेत. संघमालकाने त्याच रात्री संतापाचं पत्र प्रसिद्ध केलं, तेही कॉमिक सॅन्स या पोरकट अक्षरात. पत्रातली भाकितं सगळी खोटी ठरली, अक्षर तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

आमच्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आजी दारातून ओरडायची, “जातो काय? येतो म्हण!” लेब्रॉनला तेव्हा असं सांगणारं कोणी नव्हतं. चार वर्षांनी, मायामीत दोन विजेतेपदं जिंकून, तो परतला. यावेळी टीव्ही नाही, एका मासिकातून छापलेलं साधं निवेदन. २० जून २०१६ च्या सोमवारी पहाटे साडेपाचला मी जागा होतो. सातवा सामना, समोर तेच ७३ विजयांचे वॉरियर्स, मागे ३-१ अशी पिछाडी भरून काढलेली. शेवटच्या दोन मिनिटांत वॉरियर्सच्या इग्वोडालाच्या हातातून सुटलेला चेंडू लेब्रॉनने मागून धावत येऊन फळीवर चेपला. ९३-८९. क्लीव्हलंडला मोठ्या खेळातलं विजेतेपद ५२ वर्षांनी मिळालं. मी ओरडलो आणि घर उठलं. बायको म्हणाली, “कोण जिंकलं ते सांग आणि दूध तापव.” २०१८ मध्ये तो पुन्हा गेला, लेकर्सला. यावेळी कोणी विशेष काही जाळलं नाही.

राहणारेही असतातच. डर्क नोवित्स्की एकवीस मोसम डॅलसला राहिला, टिम डंकन एकोणीस मोसम सॅन अँटोनियोला. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, हे निष्ठावान’ म्हणतात. पण डंकनला सॅन अँटोनियोत पाच विजेतेपदं मिळाली, आणि २००० मध्ये तोही ऑर्लँडोला जाता जाता राहिला होता. संसार चांगला चालला की माहेर आठवत नाही. मला डेमियन लिलार्डची गोष्ट जास्त जवळची वाटते. पोर्टलंडमध्ये अकरा मोसम घट्ट पाय रोवून बसला, निष्ठेवर बोलत राहिला. संघ काही उभा राहीना. शेवटी २०२३ मध्ये त्याने स्वतःच बदली मागितली. मायामीला जायचं होतं, पाठवलं मिलवॉकीला. २०२५ च्या वसंतात पायाची शीर तुटली. मिलवॉकीने करार मोडून त्याला मोकळं केलं. आणि तो फ्री एजंट होऊन गेला कुठे, तर पोर्टलंडला. वर्षभर खेळता येणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी घेतलं. सोडण्याचं जे स्वातंत्र्य आम्हाला खुपतं, त्याच स्वातंत्र्याने तो घरी आला.

वरळीच्या सामन्यानंतर बाहेर गर्दीत टॅक्सी मिळेना, म्हणून मी किंग्जबद्दल वाचत उभा राहिलो. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, हे माहीत होतं. बाकीचं नव्हतं. हा संघ आधी रॉचेस्टरला होता. मग सिनसिनाटी; ऑस्कर रॉबर्टसनचे रॉयल्स म्हणजे हेच. मग कॅन्सस सिटी. १९८५ पासून सॅक्रामेंटो. २०१३ मध्ये तर त्यांना सिएटलला न्यायचं जवळपास ठरलंच होतं. इतर मालकांनी मतदानात ते पाडलं, आणि रणदिवेंच्या गटाने संघ विकत घेऊन जागेवर ठेवला. या बिऱ्हाडापुढे आमच्या वडिलांच्या बदल्या काहीच नाहीत.

आणि मग फोनवर एक वर्षभर जुना व्हिडिओ निघाला. ऑक्टोबर २०१८, सिएटल. दहा वर्षांनी त्या जुन्या इमारतीत एनबीएचा एक सामना ठेवला होता, असाच सरावाचा. वॉरियर्स विरुद्ध किंग्ज. पुन्हा हेच किंग्ज. दोन वेळचा विजेता ड्युरंट मैदानात येतो. वॉरियर्सचा सरावाचा कोट काढतो, तर आत जुनी जर्सी: सॉनिक्स, नंबर ४०, सिएटलचा जुना तारा शॉन केम्प याची. ज्यांना सगळे सोडून गेले होते ते लोक उभे राहून नुसते ओरडतायत. आणि तो, ओक्लाहोमाचा गद्दार, दोन्ही हात वर करून त्यांच्यात उभा आहे, दहा वर्षांपूर्वीच बंद पडलेल्या संघाच्या कपड्यांत.

तेवढ्यात टॅक्सी आली. मघाचा तो निळ्या जर्सीतला मुलगा फूटपाथवर वडापाव खात होता. त्याने पावासकट हात हलवला, “येतो, काका!”

“येतो,” मीही म्हटलं.